जेवायचा हात

विनिताची आणि प्रणितची पहिली भेट झाली ती गुणाबाईंच्या मनगटावरून. भेट तरी कसली, टेलिफोनच्या तारेतून आलेली नुसती खरखर. पण पुढे जे काही झालं ते त्या खरखरीतूनच झालं, तेव्हा तिलाच भेट म्हणायला हवं.

२००९चा ऑगस्ट चालू होता. स्वाइन फ्लूने सगळ्यांची पाचावर धारण बसवली होती. पनवेलच्या औषधांच्या दुकानांत मास्क मिळेनासे झाले होते, आणि मिळत नाहीत म्हणून भली भली माणसं रुमालात कापूर-वेलची बांधून ती हुंगत हिंडत होती. विनिता ज्या हार्ट क्लिनिकमध्ये ईसीजी काढायची, ते एका खाजगी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. तळमजल्यावर सकाळपासून तापाच्या पेशंटांची रांग लागायची. वर जायला वाट एकच, त्या रांगेतून.

“माझे म्हातारे या खोकल्यातून वर येणार असतील तर त्यांनी न आलेलंच बरं,” डॉक्टर दिनानाथ म्हणाले. ते क्लिनिकचे मालक, आणि एकदा डोक्यात घेतलं की ऐकणारे नव्हेत. त्यांनी कुठूनशा सहा डब्या मिळवल्या आणि उरणच्या वाटेवरच्या सहा गावांत पाठवून दिल्या. डबीला चार चिमटे. ते पेशंटच्या हातापायांना लावायचे, इकडे फोन करायचा आणि रिसीव्हर डबीवर पालथा ठेवायचा. डबी चाळीस सेकंद किरकिरायची, आणि त्या किरकिरीतून पनवेलच्या मशीनवर ईसीजीचा कागद सरकत बाहेर यायचा. दुखणाईत माणूस आपल्या ओटीवरून हलत नसे. कल्पना झकास होती. फक्त चिमटे लावायला गावात कुणी शिकलेलं नव्हतं, आणि इकडे फोन घ्यायला विनिता एकटी होती. तिच्या जोडीच्या दोघी तापाने पडलेल्या. सत्ताविसाव्या वर्षी ती संध्याकाळी जिने उतरताना कठडा धरायला लागली होती.

तर त्या दिवशी अकराच्या सुमारास फोन वाजला.

“हॅलो, पनवेल ना? शेवरपाड्यावरनं प्रणित बोलतोय. आमच्या गुनाबाय आत्येला खुर्चीत बसवलंय. आता काय करू?”

“पेशंटचं वय?”

“ते नका इचारू… समोरच बसलीय.”

विनिताने कपाळाला हात लावला. “बरं. लाल चिमटा उजव्या मनगटाला लावा.”

“कुनाच्या उजव्या?”

“म्हणजे?”

“आत्येच्या का माझ्या? मी तिच्या समोर उभा हाय. माझा उजवा तो तिचा डावा.”

“पेशंटचा हो! तुमचा ईसीजी मी काढत नाहीये.”

“मंग कधी काढाल?”

पलीकडून गुणाबाईंचा खणखणीत आवाज आला, “अरे, लाव लवकर, माझी चूल पेटलीय!” आणि विनिताला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. मास्कच्या आत हसलं की चष्म्यावर वाफ धरते, हे तिला तेव्हा नव्यानेच कळलं.

“हे बघा,” ती म्हणाली, “डावं-उजवं सोडून द्या. पेशंटचा जेवायचा हात कुठला? तो लाल. दुसरा पिवळा. जेवायच्या हाताखालचा पाय काळा, दुसरा हिरवा. आता चुकणार नाही ना?”

“हां! असा सांगा ना, मॅडम. मगाधरनं उजवा उजवा काय.”

विनिता स्वतःवरच खूश झाली. जेवायचा हात लाल! किती सोपं. कुणाच्या कुठल्या बाजूला उभं राहिलात तरी जेवायचा हात काही बदलत नाही. तिने ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर लावलं आणि सहाही गावांना तेच सांगायला लागली. डॉक्टर दिनानाथांनीसुद्धा पुठ्ठा वाचून “वा!” म्हटलं. तो माणूस वर्षातून दोनदाच “वा” म्हणायचा.

शेवरपाडा जासईच्या पुढे, खाडीकाठाला. कोळ्यांची साठ-सत्तर घरं, मागे कंटेनरची यार्डं. प्रणित त्यातल्याच एका यार्डात आलेल्या-गेलेल्या कंटेनरांच्या नोंदी ठेवायचा. घरात चालू फोन होता म्हणून डबी त्याच्याकडे आली, आणि दुपारची पाळी होती म्हणून अकराचा फोन त्याच्या वाट्याला आला. गुणाबाईंच्या हृदयाच्या गोळ्या नुकत्याच बदललेल्या, म्हणून त्यांचा ईसीजी रोज काढायचा होता. पहिल्या आठवड्यात फोन फक्त त्या हृदयापुरता होता. दुसऱ्या आठवड्यात त्या हृदयाचं काम चार मिनिटांत उरकायचं आणि फोन चौदा मिनिटं चालायचा.

“झाला का, मॅडम?”

“झाला. छान आहे आत्याबाईंचा.”

“आनि तुमचा?”

“माझं काय?”

“आवाज बसलाय आज. काल झोपल्या नाय वाटतं?”

आता खरी गोष्ट अशी, की घरात आई होती, क्लिनिकात अर्धा डझन माणसं होती, पण तिचा आवाज बसलाय हे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि दूर कुठेतरी ट्रेलरचा हॉर्न.

“…दमले हो,” ती म्हणाली. इतकंच. पण हे असं सरळ ती कुणाजवळ बोललीच नव्हती. म्हटल्याबरोबर तिचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने पुढचा नंबर फिरवायचा बहाणा करून फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी एका एसटीच्या कंडक्टरने क्लिनिकच्या शिपायाकडे पुडकं आणून दिलं. आत अर्धा किलो सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. चिठ्ठीत लिहिलेलं : ‘ताकद येते.’ श्रावण चाललेला, आणि आई श्रावणात कांदासुद्धा न खाणारी. तिने पुडकं नाकापासून हातभर लांब धरलं, वरच्या फळीवर टाकलं आणि विचारलं, “कोण गं हा?”

“पेशंटचा भाचा.”

“पेशंटचा भाचा सोडे पाठवतो?” आईने तिच्याकडे नीट बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं होतं, पण कान लाल झाले होते. आईने पुढे काही विचारलं नाही. श्रावण संपायला किती दिवस उरलेत ते मात्र कॅलेंडरात पाहिलं.

एकदा डबीची बॅटरी गेली. नवी न्यायला प्रणित स्वतः आला. पाऊस कोसळत होता. तळमजल्यावरची रांग टाळून तो मागच्या दारी, पन्हळीखाली उभा राहिला आणि विनिता बॅटरी घेऊन खाली गेली. दोघांच्या तोंडावर मास्क. फोनवर घटकाघटका बोलणारी ही दोन माणसं समोरासमोर आली तशी वाचाच बसली. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं. ते पुसायचंही त्याला सुचेना.

“तुम्ही… प्रणित?”

“हां. आनि तुमी एवढ्याशा हाव होय?” त्याच्या तोंडून निघून गेलं. “आवाजावरनं उंच वाटल्या होत्या.”

“आवाजाला उंची असते का?”

“तुमच्या हाय.”

ती वर बघेना, तो खाली बघेना. बॅटरी देताना तिची बोटं त्याच्या ओल्या तळहाताला लागली. त्या काळात कुणी कुणाला शिवत नव्हतं, हे लक्षात घ्या. शेजारणीसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. दोन पावलं मागे सरकून तिने नियमाप्रमाणे साबणाने हात धुवायला हवे होते. ती वर गेली, नळापाशी उभी राहिली, आणि बराच वेळ तिने नळ उघडलाच नाही.

गणपती येऊन गेले. मिरवणुकीत ताशे वाजले, पण दरवर्षीची गर्दी नव्हती. विसर्जनानंतर ताप कमी होईल म्हणत होते, तो वाढला. डॉक्टर दिनानाथ स्वतःच आडवे झाले आणि क्लिनिक एका नव्या, घाबऱ्या डॉक्टरवर आलं. विनिता सलग तिसऱ्या दिवशी दोन-दोन पाळ्या करत होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील. फोन वाजला, आणि ही काही अकराची वेळ नव्हती.

“मॅडम…” पाळी सोडून घरी धावत आलेल्या प्रणितचा आवाज ओळखू येईना. “आमच्या बाच्या छातीवर दाबल्यासारखा होतंय. घाम आलाय.”

बा म्हणजे त्याचे वडील, काशिराम. उभा जन्म खाडीत आणि समुद्रात काढलेला माणूस. दवाखान्याची पायरी सहसा न चढणारा, त्यामुळे विनिताच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

“घाबरू नका. मी आहे. चिमटे लावा, नेहमीसारखे.”

“जेवायचा हात लाल,” प्रणित स्वतःशीच पुटपुटला. “दुसरा पिवला…”

चाळीस सेकंद डबी किरकिरली. कागद बाहेर आला. त्यातली पहिलीच ओळ उलटी होती. जिथे टोक वर जायला हवं तिथे खाली गेलेलं.

शिकाऊ मुलींना विनिता पहिल्या दिवशी जे शिकवायची ते हेच. पहिली ओळ उलटी दिसली की आधी चिमटे बघा, मग पेशंटकडे बघा. सहा वर्षांत ती हे शंभर वेळा बोलली असेल. पण त्या संध्याकाळी तिच्या पायांत गोळे आले होते, डोळ्यांसमोरच्या रेघा एकमेकींत शिरत होत्या, आणि कागद प्रणितच्या बापाचा होता. तिने तो फाडला आणि धावत नव्या डॉक्टरच्या हातात दिला. त्याने बघितला, त्याचा चेहरा उतरला.

“ताबडतोब आणायला सांगा.”

तिनेच सांगितलं. “आणा, प्रणित. लगेच.”

जासईच्या ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत जीप दीड तासाने आली. लिफ्ट बंद होती. उचलून न्यायची खुर्ची येईपर्यंत आणि केसपेपर होईपर्यंत काशिराम पाऊण तास तळमजल्यावर बसला. त्या रांगेत, त्या खोकल्यात. मुलाने बाकावर दोन माणसांना सरकवून त्याच्यासाठी जागा करून घेतली होती.

वर विनिताने स्वतःच्या हातांनी ईसीजी काढला. सगळ्या ओळी सुलट. रक्ताची तपासणीही चांगली. नव्या डॉक्टरने सुटकेचा निःश्वास टाकला, पित्ताचं असेल म्हणाला, आणि रात्रभर ठेवून घेऊ म्हणाला. सकाळी काशिरामला चहा आणि पाव दिला. त्याने पाव डाव्या हाताने चहात बुडवला आणि खाल्ला.

विनिता दारात उभी होती. “काका… डाव्या हाताने?”

“उजवा कामाचा नाय ना, पोरी.” त्याने उजवा पंजा पुढे केला. त्याला मधली दोन बोटंच नव्हती. “जाळी ओढायच्या चक्रात गेली. वीस वरसं झाली. तवापासून घास याच हातानी.”

जेवायचा हात लाल! विनिता टेबलापाशी गेली, कालचे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकाची पहिली ओळ म्हणजे दुसऱ्याच्या पहिल्या ओळीचं आरशातलं रूप. काशिरामला काहीच झालं नव्हतं. त्याला इथे आणायचीच गरज नव्हती. प्रणितने तिने शिकवलं तसंच तंतोतंत केलं होतं, आणि तिने बघायला हवं होतं ते बघितलं नव्हतं.

आजूबाजूला कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. नव्या डॉक्टरच्याही नाही. तिने कागद फाइलमध्ये घातले.

बाहेर प्रणित उभा होता. रात्रभर बाकावर बसून त्याचे डोळे तारवटलेले, पण त्यांत आता जीव आला होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी होत्या म्हनून… नायतर माझे हातपाय गळाले होते. मला बोलता येत नाय नीट. पन असा मानूस घरात असावा, असा वाटतो. रोज.”

कुठल्याही मुलीने ज्याची वाट बघावी ते वाक्य. आणि विनिताला ते ऐकताना तोंड लपवावंसं वाटलं. बरं झालं मास्क होता. “काकांना जपा,” ती कशीबशी म्हणाली. सांगायचं होतं, तेव्हाच सांगायचं होतं. पण म्हातारा धडधाकट घरी चाललाय, मग कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. दमलेल्या माणसाची समजूत पटकन पटते.

चौथ्या दिवशी अकराला फोन आला.

“बाला ताप भरलाय,” प्रणित म्हणाला. “काल रातच्याला धाप लागली. सरकारी दवाखान्यात वेगळा ठेवलाय. मला आत सोडत नाय. काचेतनं बघतो.”

फोनच्या वर लावलेल्या पुठ्ठ्याकडे विनिताची नजर गेली.

“मीच बसवला, मॅडम, त्या रांगेत. लोकांना सरकवून जागा केली मी त्याला. माझ्या या हातांनी. त्याला काय झाला तर मी—”

“प्रणित, थांबा.”

“नाय, माझीच चूक—”

“तुमची नाही!” ती इतक्या मोठ्याने बोलली की बाहेरचा शिपाई डोकावला. मग आवाज खाली आला. “तुमची नाही. माझी आहे. ऐका… तुमचे बाबा डाव्या हाताने जेवतात. मी तुम्हाला जेवायचा हात सांगितला, तुम्ही लाल डाव्याला लावलात. कागद उलटा आला. उलटा आला की चिमटे तपासायचे असतात, हे मला माहीत आहे. मी तपासले नाहीत. त्यांना काही झालंच नव्हतं, प्रणित. मी उगीच आणायला लावलं.”

“…हे तुमाला कधी कळला?”

हा प्रश्न तो विचारणार हे तिला ठाऊक होतं. “दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी पाव खाल्ला तेव्हा.”

“मी बाहेर उभा होतो तवा?”

“हो.”

“मी तुमाला ते… बोललो, तवा तुमाला ठाऊक होता?”

“हो.”

फोन ठेवल्याचा आवाज अगदी हलका आला. आपटला असता तरी बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी डॉक्टर दिनानाथ तापातून उठून पहिल्यांदा कामावर आले होते. विनिताने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. नोकरी जाईल तर जाऊ दे, ती मनाशी म्हणाली. डॉक्टरांनी कागद बघितले, चष्मा काढला, डोळे चोळले. तेही थकले होते.

“नवा डॉक्टर एकटा ठेवून मी घरी झोपलो होतो,” ते म्हणाले. “आणि तुम्हाला आठवडेच्या आठवडे सुट्टी दिली नाही. ते माझं. बाकीचं तुमचं. लिहून द्या. आणि सहाही गावांना आत्ता फोन करा. तो पुठ्ठा काढा आधी.”

पुठ्ठा तिने स्वतःच काढला. सहा गावांना सहा वेळा समजावून सांगितलं. पाचव्या गावात कळलं की तिथल्या एका म्हाताऱ्यालाही डाव्या हाताने जेवायची सवय आहे.

मग दिवस जाईनात. अकरा वाजले की फोन वाजायचा, पण पलीकडे गुणाबाई असायच्या. “तो नाय लावत गं आता चिमटे. माझे मीच लावतंय. उजवा तो लाल, बरोबर?”

“बरोबर, आत्याबाई. काका कसे आहेत?”

“धाप हाय.”

रोज तेच. धाप हाय. विनिता घरी जाऊन ताटावर बसायची आणि घास हातात धरून राहायची. आईने एकदा तो हात धरून तोंडाशी नेला, लहानपणी न्यायची तसा. सहाव्या दिवशी गुणाबाई म्हणाल्या, “ताप उतरला. भात मागितला त्यानी.” विनिताने रिसीव्हर डबीवर ठेवायला सांगितला आणि ते चाळीस सेकंद टेबलावर डोकं ठेवून ती हमसून रडली. कागद मात्र तिने यावेळी दोनदा तपासला.

“आणि… प्रणित?” तिने शेवटी विचारलंच.

“तो कुनाशी बोलत नाय. अकरा वाजले की उठून धक्क्यावर जातो. असा काय केलास गं तू?”

नवव्या दिवशी, रविवारी, तिला पाच आठवड्यांतली पहिली सुट्टी मिळाली. आई म्हणाली, झोप. विनिताने साडी नेसली, मास्क लावला आणि उरणची एसटी धरली.

काशिराम आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आला होता. तो ओटीवर बसला होता, गळ्याभोवती टॉवेल, गाल आत गेलेले. विनिता दोन हात लांब उभी राहिली.

“काका, मी पनवेलची. कागद चुकीचा निघाला तो माझ्यामुळे. मी माफी मागायला आलेय.”

म्हाताऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मेलो असतो मी.”

“हो.”

“काचेच्या आत आठ दिस कुनाचा तोंड बघितला नाय. बायकोची आठवन आली, ती बारा वरसांमागं गेली.” तो थांबला, दम खाल्ला. “तू आलीस कशाला? फोनवर सांगितला तेवढा पुरे होता.”

“फोनवर प्रणितना सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”

काशिरामने गुणाबाईंना हाक मारली. “हिला जेवायला वाढ. रया बघ पोरीची. माझ्यापरीस आजारी दिसते.” आणि विनिताकडे न बघता म्हणाला, “तो धक्क्यावर हाय. जेवून मंग जा.”

धक्क्यावर ऊन पडलं होतं. भादव्यातलं, कातडी चटकवणारं. ओहोटी लागून होड्या चिखलात कलंडल्या होत्या. प्रणित जाळ्यांच्या ढिगापाशी बसला होता. तिला बघून उठला नाही, जा म्हणाला नाही. ती ढिगाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“काकांना सांगितलं,” ती म्हणाली.

“हां.”

“तुम्हाला त्या सकाळी सांगायला हवं होतं. तुम्ही ते बोललात ना… मला ते गमवायचं नव्हतं. म्हणून गप्प राहिले. चूक झाली ती थकव्याने झाली, प्रणित, पण गप्प राहिले ती लोभाने.”

त्याने मान वळवली नाही. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. पोटात गरम भात होता, पाठीशी जाळी होती, आणि पाच आठवड्यांचं जागरण अंगात साचलेलं. विनिताचे डोळे कधी मिटले ते तिलाही कळलं नाही. प्रेमाच्या गोष्टीत नायिकेने अशा वेळी झोपू नये, हे खरं. पण तिचा नाइलाज होता.

जाग आली तेव्हा खाडीत पाणी भरलं होतं आणि होड्या उभ्या राहिल्या होत्या. ऊन तिरपं झालेलं, तरी तिच्या तोंडावर मात्र सावली होती. प्रणित जागा बदलून तिच्या आणि उन्हाच्या मध्ये येऊन बसला होता. त्याची मान आणि एक कान उन्हाने लालबुंद झाला होता.

“किती वाजले?” ती धडपडून उठली.

“पावनेपाच.”

“अहो, माझी दोनची गाडी!”

“गेली. साडेतीनची बी गेली. चारचा कंडक्टर वळखीचा, तो थांबत होता. त्याला बोललो, जा.”

“उठवलं का नाही?”

प्रणितने जाळ्यातला एक धागा ओढला, सोडला. “पयल्या गाडीला राग होता म्हनून नाय उठवला. जाऊ दे, चालत जाईल. दुसऱ्या गाडीला बी रागच होता… पन झोप लागलेली तुमाला. तिसऱ्या गाडीला उठवावासाच नाय वाटला.”

“आणि आता? राग?”

“हाय की. तो कुठं जातोय.” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “बाला काचेत बघितलाय मी. तो राग लगेच नाय जायचा, मॅडम. खोटा कशाला बोलू? पन नऊ दिवस तो घेऊन लांब बसून बघितला. राग कमी होत नाय, आनि तुमच्या आवाजाबिगर अकरा वाजत नाय. आता म्हटला, तो घेऊन जवळ बसून बघावा.”

विनिताने मास्क खाली ओढला. इतक्या दिवसांत त्याने तिचा चेहरा पहिल्यांदा पुरा पाहिला. तो रडवेला होता, गालावर जाळ्याचे चौकोन उमटले होते, आणि ती हसत होती.

“मॅडम नाही,” ती म्हणाली. “विनिता. रागवायचं तर नाव घेऊन रागवा.”

“विनिता,” तो म्हणाला. रागवायला काही जमलं नाही. त्याचाही मास्क मग गळ्यात आला. “पाचची गाडी येईल आता. ती धरायची असंल तर निघावा लागंल.”

“त्यानंतरची?”

“साडेसहाची.”

विनिताने पुन्हा जाळ्यावर डोकं टेकलं, यावेळी त्याच्या बाजूच्या टोकाला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि दोघांनीही ती काढली नाहीत.

“मग साडेसहाला उठवा.”

“आनि नाय उठवला तर?”

“तर घरी आईला काय सांगायचं, ते तुम्हीच येऊन सांगा,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.